गोदावरीच्या दोन्ही तीरांवरचा लहान खंड्या: उपजातींच्या हद्दीविषयी प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, पैठण

प्रकल्पाचा विषय आज नक्की झाला. लहान खंड्या, म्हणजे आल्सेडो अ‍ॅथिस, हा पक्षी युरोपपासून सॉलोमन बेटांपर्यंत पसरलेला असून त्याच्या सात उपजाती मानल्या जातात. त्यांपैकी दोन उपजातींची हद्द मराठवाड्यातून जाते. गोदावरीच्या दक्षिणेकडील द्वीपकल्प आणि श्रीलंका येथील पक्षी टॅप्रोबाना उपजातीचे आणि तिच्या उत्तरेकडील पक्षी बेंगालेन्सिस उपजातीचे, अशी वाटणी पक्ष्यांच्या याद्यांमध्ये दिलेली आढळते. ती शब्दशः घेतली तर पैठणच्या घाटावर बसलेला खंड्या एका उपजातीचा ठरतो आणि समोरच्या तीरावरचा दुसऱ्या उपजातीचा. सोळा सेंटिमीटरचा हा पक्षी नदीचे पात्र एका झेपेत, पाण्याला जवळजवळ चिकटून, ओलांडून जातो, हे नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

या दोन उपजातींत सांगितला जाणारा मुख्य फरक आकाराचा नसून रंगाचा आहे. दोघी आकाराने सारख्याच. बेंगालेन्सिसच्या पाठीकडचा निळा रंग हिरवटपणाकडे झुकतो, तर टॅप्रोबानाचा अधिक स्वच्छ, झळाळता निळा असतो. फरक एवढाच असल्यामुळे तो कशाने मोजायचा आणि कोठे मोजायचा, हे आधी ठरवावे लागेल.

नावे कोणत्या क्रमाने दिली गेली, हेही येथे नोंदवून ठेवतो. लिनियस याने १७५८ मध्ये या पक्ष्याला दोन ठिकाणी दोन नावे दिली: युरोपातील पक्ष्याला इस्पिडा आणि इजिप्तमधील पक्ष्याला अ‍ॅथिस. ग्मेलिनचे बेंगालेन्सिस १७८८ मधले, म्हणजे बंगालच्या पक्ष्यावर बेतलेले. क्लाइनश्मिट याने १८९४ मध्ये श्रीलंकेच्या पक्ष्याला टॅप्रोबाना म्हटले. भारताच्या बाबतीत नावे अशी दोन टोकांना आधी लागली आणि मधल्या दख्खनच्या पठारावर रेघ कोठे ओढायची, हा प्रश्न त्यातून नंतर उभा राहिला. आपण त्या मधल्या भागात राहतो, म्हणून हा प्रश्न आपण हाती घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

२९ सप्टेंबर २०२४, छत्रपती संभाजीनगर

ठिकाणे निवडताना विभागातील सहकाऱ्यांशी बराच वेळ चर्चा झाली. पहिला विचार असा होता की पैठणजवळ उत्तर तीर आणि दक्षिण तीर अशी तुलना करावी. पण अशा तुलनेतून फरक न दिसल्यास त्याचा अर्थ लावता येणार नाही, कारण दोन्ही तीरांवर फिरणारे पक्षी मुळात एकच असू शकतात. त्यामुळे नदीपासून दोन्ही बाजूंना शक्य तितके दूर जायचे ठरले.

उत्तरेचे टोक म्हणून अजिंठ्याजवळची वाघूर नदी घेतली आहे. ती डोंगर उतरून तापीला मिळते, म्हणजे ती गोदावरीच्या खोऱ्याबाहेरची आहे. त्यानंतर पैठण येथील नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा काठ, दक्षिणेला सिंदफणेवरील माजलगावचे धरण, मांजरेवरील धनेगावचे धरण आणि सर्वांत दक्षिणेला नळदुर्गच्या किल्ल्यातून वाहणारी बोरी. बोरी भीमेला मिळते, म्हणून ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यात जाते. अशा रीतीने तापी, गोदावरी आणि कृष्णा या तिन्ही खोऱ्यांतील पक्षी मराठवाड्याची हद्द न ओलांडता पाहता येतील, ही या प्रदेशाची मोठी सोय आहे.

नकाशा समोर ठेवल्यावर एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. गोदावरी पूर्वेकडे सरळ रेषेत जात नाही. ती आग्नेयेकडे उतरत जाते. पैठणजवळ ती साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास आहे, तर राजमहेंद्रीजवळ जेमतेम सतरा अक्षांशावर. नळदुर्ग अठराच्या किंचित खाली आहे. यादीतील वाक्य प्रमाण मानले तर नळदुर्गचा खंड्या नदीच्या दक्षिणेचा म्हणून टॅप्रोबाना होतो आणि त्याच अक्षांशावर, पण आंध्रात नदीच्या उत्तरेला बसलेला खंड्या बेंगालेन्सिस होतो. रंगातला बदल उन्हाशी, पावसाशी किंवा अक्षांशाशी निगडित असेल, तर तो नदीच्या तिरक्या रेषेला धरून चालेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा मुद्दा मांजरेचा. ही नदी बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, गोदावरीच्या दक्षिणेकडून लांबवर वाहत जाते, मग उत्तरेकडे वळून तेलंगणाच्या हद्दीवर कंदाकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. धनेगावचे पक्षी नकाशावर दक्षिणेचे असले, तरी पाण्याच्या वाटेने ते गोदावरीशी थेट जोडलेले आहेत. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात रुंद नद्या माकडांच्या जातींना अडवतात, हे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने १८५२ मध्ये मांडले होते आणि दाट जंगलाबाहेर न पडणाऱ्या कित्येक पक्ष्यांनाही ते लागू पडते. खंड्याची गोष्ट नेमकी उलट आहे. नदी त्याचे घर आहे आणि तिच्या उपनद्या त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा आहेत.

१३ ऑक्टोबर २०२४, छत्रपती संभाजीनगर

कामाची पद्धत ठरवली. पक्षी पकडायचे नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे त्यासाठी परवानगी लागते आणि या टप्प्यावर ती मागण्याइतका आपला प्रश्न अजून नेमका झालेला नाही. सर्व काम छायाचित्रांवरून होईल. प्रत्येक ठिकाणी तोच कॅमेरा, तीच लेन्स, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातील फाइल, आणि पक्षी उडून गेल्यावर तो बसला होता त्याच जागी, त्याच उजेडात, ग्रे कार्डाचे, म्हणजे रंग दुरुस्त करण्यासाठीच्या ठरावीक राखाडी पुठ्ठ्याचे, एक छायाचित्र. ग्रे कार्डाशिवायचे कोणतेही छायाचित्र रंगाच्या तुलनेसाठी घेतले जाणार नाही, मग ते दिसायला कितीही सुंदर असो.

प्रत्येक पक्ष्याचे वय आणि नरमादी नोंदवणे बंधनकारक केले आहे. नराची चोच संपूर्ण काळी असते. मादीच्या खालच्या चोचीवर नारिंगी-तांबडा रंग असतो आणि तो साध्या दुर्बिणीतूनही कळतो. वयाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षाची पिल्ले मोठ्यांपेक्षा मंद आणि हिरवट दिसतात, त्यांच्या छातीवर मळकट पट्टा असतो आणि पाय मोठ्यांसारखे लालभडक नसून काळपट असतात. पावसाळ्यानंतर अशी पिल्ले सगळीकडे पांगतात. एखाद्या ठिकाणी योगायोगाने पिल्ले जास्त आढळली, तर तेथील सगळे पक्षी हिरवट आहेत असा समज होईल आणि तो थेट बेंगालेन्सिसच्या वर्णनाशी जुळेल. म्हणून पायांचा रंग दिसत नसेल तर ते छायाचित्र वयाच्या रकान्यात अनिश्चित म्हणून राहील आणि तुलनेत धरले जाणार नाही.

कानाजवळच्या पिसांचा रंगही वेगळा नोंदवायचा आहे. आपल्या लहान खंड्याचे कान नारिंगी असतात. जावाच्या पूर्वेकडे, बालीपासून तिमोरपर्यंतच्या फ्लोरेसियाना उपजातीत त्या नारिंगी भागात थोडी निळी पिसे मिसळतात आणि सुलावेसीपासून न्यू गिनीपर्यंतच्या हिस्पिडॉइडिसमध्ये कान निळेच होतात. सॉलोमन बेटांच्या सॉलोमोनेन्सिसमध्येही ते निळे असून त्यात जांभळट छटा येते. मराठवाड्यात याचा थेट उपयोग होणार नाही. पण एकाच जातीत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना एखादे लक्षण टप्प्याटप्प्याने कसे बदलत जाते, याचे हे उत्तम उदाहरण असल्यामुळे विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवावे.

१० नोव्हेंबर २०२४, माजलगाव

आजचा दिवस फार कामाचा गेला. धरणाच्या फुगवट्यात, बेशरमीच्या झुडपांच्या कडेला, एक प्रौढ मादी सकाळपासून एकाच टापूत होती. बसायच्या तिच्या जागा ठरलेल्या आहेत: बेशरमीची एक वाकलेली काडी, पाण्यात बुडालेल्या बाभळीचे टोक आणि उपसा पंपाचा लोखंडी पाइप. आम्ही पुरेशा अंतरावर बसून राहिलो, त्यामुळे तिने आमची दखल घेतली नाही.

सूर्य वर येण्याआधी, पूर्वेकडे फक्त उजेड असताना, पाइपवर बसलेली ही मादी पाठीवर गर्द निळी दिसत होती आणि खांद्यांच्या पिसांवर हिरवी छटा जेमतेम जाणवत होती. ऊन सरळ तिच्या पाठीवर पडू लागले तेव्हा तीच पाठ मोरपंखी झाली आणि डोके व पंख स्पष्ट हिरवट दिसू लागले. दहाच्या सुमारास ती बाभळीवर, उन्हाच्या विरुद्ध बाजूला गेली आणि आम्हांला ती सावलीतून दिसली. तेव्हा पाठीचा मधला पट्टा फिकट आकाशी आणि बाकी सगळे अंग काळपट निळे. पक्षी एकच, सकाळ एकच, आणि वर्णनांच्या भाषेत बोलायचे तर त्याने दोन्ही उपजातींचे रंग आम्हांला दाखवले.

याचे कारण पिसाच्या घडणीत आहे. खंड्याच्या पोटाकडचा नारिंगी रंग पिसातील रंगद्रव्याचा असतो. पाठीच्या निळ्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या बारीक शाखांच्या आत केराटिन (पीस ज्याचे बनते ते प्रथिन) आणि हवा यांची स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी असते आणि तिच्यावरून विखुरला गेलेला प्रकाश आपल्याला निळा किंवा हिरवट निळा दिसतो. जाळीच्या मापात अगदी थोडा फरक पडला तरी छटा बदलते. आकाशी आणि गडद निळ्या पिसांतील भेद असा मापाचा आहे, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे. म्हणजे बेंगालेन्सिस आणि टॅप्रोबाना यांच्यात खरोखर फरक असला, तर तो या जाळीच्या मापातला असणार आणि आपल्या डोळ्यांपर्यंत तो उजेडाच्या मर्जीने पोहोचणार.

पाइपाखालच्या चिखलात तिचे एक गळालेले पीस पडलेले होते. ते उचलले नाही. ओणवे होऊन तेथेच भिंगातून पाहिले. पीस बोटाच्या पेराहून लहान. तळाशी राखाडी, मऊ, विसकटलेले. वरच्या अर्ध्या भागातील शाखा एकमेकींना लागून बसलेल्या आणि प्रत्येक शाखा जणू वेगळी रंगवल्यासारखी चकचकीत आकाशी. विद्यार्थिनीने पाठीमागून उजेड अडवला तेव्हा रंग मावळला. उजेड पलीकडून यावा म्हणून आम्ही जागा बदलली, तेव्हा त्या शाखा नुसत्या तपकिरी-काळ्या दिसल्या. पुस्तकात वाचलेली गोष्ट चिखलात बसून अशी समोर दिसली, याचा आनंद सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होता.

थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे काढून परतणारे एक वयस्कर मासेमार आमच्याजवळ थांबले. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहितो: "सर, पाणी गढूळ झालं की हे पाखरू इथं थांबत नाही बघा. वढ्याच्या निवळ पाण्याकडं जातंय. पाणी निवळलं की पुन्हा ह्याच पायपावर बसायलाय." याची पडताळणी पुढच्या पावसाळ्यात करायची आहे. हे खरे असेल तर पूर येतो त्या काळातील पक्षी आणि हिवाळ्यातील पक्षी एकाच जागी असूनही वेगवेगळे असू शकतात आणि ठिकाणावरून निष्कर्ष काढताना महिना सांगणे आवश्यक ठरेल.

१ डिसेंबर २०२४, पैठण

दिवसभर ढगाळ. पसरट उजेड रंगाच्या तुलनेसाठी सर्वांत चांगला, म्हणून नाथसागराच्या काठाने गाळपेर जमिनीच्या कडेपर्यंत गेलो. यापुढे शक्यतो ढगाळ वातावरणात किंवा सूर्योदयापूर्वीच्या उजेडात घेतलेली छायाचित्रेच मुख्य संचात घ्यायची, असे ठरले. पांढऱ्या गळ्याचा खंड्या आणि कवड्या खंड्या भरपूर. लहान खंड्या मोजकेच.

२२ डिसेंबर २०२४, छत्रपती संभाजीनगर

आज वाचनाचा दिवस. इतर लहान खंड्यांच्या उपजाती कशाच्या आधारे वेगळ्या केल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय आपल्या प्रश्नाची खोली कळत नाही.

अमेरिकेतील बुटका हिरवा खंड्या, क्लोरोसेराइल एनिया, हा अवघा तेरा सेंटिमीटरचा पक्षी मेक्सिकोपासून बोलिव्हिया आणि ब्राझीलपर्यंत आढळतो. त्याच्या दोन उपजाती आहेत. उत्तरेकडील स्टिक्टॉप्टेराच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन-चार ओळी असतात आणि शेपटीखालच्या पिसांत एक पांढरा डाग लपलेला असतो; दक्षिणेकडील एनियाच्या पंखांवर दोनच ओळी. कोस्टा रिकाच्या मध्यभागी दोन्ही भेटतात आणि तेथे मिश्र पक्षी आढळतात. येथे लक्षण मोजता येते. ऊन असो की सावली, ओळी तेवढ्याच राहतात, आणि दोन निरीक्षकांमध्ये मतभेद झाला तरी तो मोजून मिटवता येतो.

दुसरे टोक बेटांचे. सीक्स लेपिडस नावाखाली फिलिपिन्सपासून सॉलोमनपर्यंतच्या बुटक्या खंड्यांची पंधरा रूपे एकाच जातीच्या उपजाती म्हणून धरली जात. काही बेटांवर चोच काळी, काहींवर तांबडी. पोटाचा आणि पाठीचा रंगही बेटागणिक निराळा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासात ही बेटांवरची रूपे एकमेकांपासून बरीच दुरावलेली आढळली आणि आता त्यांतील बहुतेक स्वतंत्र जाती मानल्या जातात. समुद्राने वेगळे केलेले पक्षी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून तेथे रेघ ओढणे सोपे जाते.

कोकणात पावसाळ्यात घरटी करणारा आपला तिबोटी खंड्या या दोहोंच्या मध्ये बसतो. मलाय द्वीपकल्प आणि बोर्निओत त्याची गाठ तांबूस पाठीच्या खंड्याशी पडते, तेथे संकर होतो आणि मधल्या रंगाचे पक्षी दिसतात. ते दोन वेगळे मानावेत की एक, यावर तज्ज्ञांची मते अनेकदा बदललेली आहेत.

आपल्या लहान खंड्याकडे मोजण्यासारखे ठिपके नाहीत आणि त्याला अडवणारा समुद्रही नाही. त्याचा प्रश्न छटेचा आहे आणि प्रदेश सलग आहे. अशा ठिकाणी १९३८ मध्ये ज्यूलियन हक्सली याने सुचवलेली क्लाईन ही कल्पना जास्त उपयोगी पडते: एखादे लक्षण प्रदेशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बदलत जाते आणि त्यात कोठेही नैसर्गिक पायरी नसते. विल्सन आणि ब्राऊन यांनी १९५३ मध्ये उपजातींवर घेतलेला आक्षेप याच प्रकारचा होता. एका लक्षणाचा उतार उत्तर-दक्षिण आणि दुसऱ्याचा पूर्व-पश्चिम असेल, तर कोणत्या लक्षणावर रेघ ओढायची, हे शेवटी अभ्यासकाच्या पसंतीवर राहते.

मी मात्र उपजातींची कल्पना पूर्णपणे सोडून द्यायला तयार नाही. श्रीलंकेचा खंड्या आणि काश्मीरकडचा, म्हणजे अ‍ॅथिस उपजातीचा, खंड्या शेजारी ठेवले, तर त्यांच्या आकारात आणि रंगात फरक दिसतोच आणि तो नोंदवायला नाव लागते. डीन अमाडॉन याने १९४९ मध्ये चर्चा केलेला पंचाहत्तर टक्क्यांचा नियम येथे कसोटी म्हणून वापरता येईल: एका प्रदेशातील किमान ७५ टक्के पक्षी दुसऱ्या प्रदेशातील जवळजवळ सर्व पक्ष्यांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. मराठवाड्यातील उत्तरेचे आणि दक्षिणेचे पक्षी या कसोटीला उतरतात का, एवढाच आपला प्रश्न. टोकांविषयी आपण काही म्हणत नाही.

१९ जानेवारी २०२५, नळदुर्ग

किल्ल्याच्या बंधाऱ्याखाली बोरीच्या पात्रात लहान खंड्या सहज सापडला. काळ्या दगडाच्या पार्श्वभूमीवर त्याचा निळा रंग इतका उठून दिसतो की येथे आलेला कोणीही हा पक्षी माजलगावच्या पक्ष्यापेक्षा निळा आहे असे म्हणेल. ग्रे कार्डाची छायाचित्रे त्यामुळेच हवीत. पार्श्वभूमीचा परिणाम डोळ्यावर होतो, फाइलमधील आकड्यांवर होत नाही. मात्र भोवतालच्या दगडावरून किंवा हिरवळीवरून परतणारा उजेड पक्ष्यावर पडून आकडेही थोडे बदलू शकतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हिवाळ्याविषयीची शंका आज पुन्हा निघाली. लहान खंड्या सगळीकडे कायमचा रहिवासी नसतो. पूर्व आशियाच्या उत्तर भागातील बेंगालेन्सिस हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात, आणि वायव्येकडील अ‍ॅथिस उपजातीचे पक्षीही थंडीत खाली पाकिस्तानापर्यंत येतात. आपल्याकडेही पाणी आटले की पक्षी जागा बदलतात. जानेवारीत नळदुर्गला दिसलेला पक्षी नळदुर्गचाच आहे, हे छायाचित्रावरून सिद्ध होत नाही. उपजातींची तुलना करायची तर ती घरट्यावरच्या पक्ष्यांची करायला हवी. हिवाळ्यातील सर्व छायाचित्रे आजपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत; ती पद्धत तपासण्यासाठी वापरू, निष्कर्षासाठी वापरणार नाही.

१६ फेब्रुवारी २०२५, छत्रपती संभाजीनगर

विभागात आज एक परीक्षा घेतली. प्रौढ पक्ष्यांची निवडक छायाचित्रे, ठिकाण, तारीख आणि वेळ झाकून, पडद्यावर एकामागून एक दाखवली. पाहणाऱ्यांनी प्रत्येक पक्षी हिरवट, मध्यम किंवा निळा अशा तीन गटांत टाकायचा. पाहणाऱ्यांत पक्षी कधीच न पाहिलेले विद्यार्थीही मुद्दाम घेतले होते, म्हणजे कोणाच्या मनात आधीपासून अपेक्षा नको.

गट उघडून पाहिल्यावर जे दिसले ते स्पष्ट होते. हिरवट गटात कडक उन्हातील छायाचित्रे एकत्र आली होती, निळ्या गटात सावलीतील आणि पहाटेची. वाघूरचे आणि नळदुर्गचे पक्षी तिन्ही गटांत मिसळलेले होते. त्यानंतर केवळ ढगाळ उजेडातील आणि ग्रे कार्डाने दुरुस्त केलेली छायाचित्रे घेऊन तीच परीक्षा पुन्हा केली. या वेळी बहुतेक सर्व पक्षी मध्यम गटात गेले आणि जे थोडे हिरवट किंवा निळ्या गटात टाकले गेले, त्यांच्याबाबत पाहणाऱ्यांची एकमेकांशी सहमतीही कमी झाली. उजेडाचा परिणाम काढून टाकल्यावर उरणारा फरक इतका बारीक आहे की डोळ्याने केलेली वर्गवारी तेथे टिकत नाही. पंचाहत्तर टक्क्यांच्या कसोटीपासून आपण फार दूर आहोत.

ही छायाचित्रे हिवाळ्यातली असल्यामुळे यावरून हद्द नाही असे म्हणता येणार नाही. मात्र नदीकाठी उभे राहून, पक्ष्याच्या निळेपणावरून, हा टॅप्रोबाना आणि तो बेंगालेन्सिस असे सांगणे शक्य नाही, हे आता खात्रीने सांगता येते.

२३ मार्च २०२५, माजलगाव

घरट्यांचा हंगाम सुरू झाला आहे. सिंदफणेच्या जुन्या पात्रालगत, पिवळसर पोयट्याच्या उभ्या दरडीत, पाण्यापासून माणसाच्या उंचीवर एक ताजे बीळ आढळले. तोंडाखाली पाय घासून पडलेल्या दोन चऱ्या आणि पांढऱ्या विष्ठेचा ओघळ. नर चोचीत मासा आडवा न धरता, डोके पुढे करून धरून आला, म्हणजे तो मासा दुसऱ्याला भरवण्यासाठी होता. थोड्याच वेळात मादीने बिळाच्या तोंडाशी तो घेतला. आम्ही बिळाजवळ गेलो नाही. समोरच्या काठावरून ढगाळ उजेडात दोघांचीही चांगली छायाचित्रे मिळाली आणि ती मुख्य संचातील पहिली खरी भर ठरली.

येथे एका काळजीची नोंद करणे भाग आहे. काळ्या रेगडात बीळ टिकत नाही. उन्हाळ्यात माती तडकते आणि पावसात फुगते. खंड्याला पोयट्याची किंवा वाळूमिश्रित मातीची उभी दरड लागते आणि वाळू उपसण्यासाठी जेसीबी पात्रात उतरवला जातो तेव्हा सर्वांत आधी त्याच दरडी ढासळतात. गेल्या वर्षी स्थानिक लोकांनी दाखवलेल्या जागांपैकी काही ठिकाणी आता फक्त उतार उरला आहे. आपला अभ्यास छटांचा असला, तरी घरट्याची जागा हा रकाना नोंदवहीत कायमचा जोडला आहे, कारण पक्षीच उरला नाही तर छटेचा प्रश्न विचारता येणार नाही.

२० एप्रिल २०२५, छत्रपती संभाजीनगर

जुन्या नमुन्यांचा प्रश्न. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये त्या संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. तिचे अहवाल ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आले. उपजातींविषयी बोलायचे तर अशा जतन केलेल्या नमुन्यांशिवाय पर्याय नाही. संग्रहालयातील पक्षी एकाच दिव्याखाली, एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहता येतात. जाळीपासून आलेला रंग रंगद्रव्यापेक्षा टिकाऊ असतो, तरी धूळ आणि चरबी यांमुळे जुनी पिसे मंद दिसतात. म्हणून साधारण एकाच काळातील नमुन्यांची तुलना करणे बरे.

जुने नमुने महत्त्वाचे असण्याचे आणखी एक कारण आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात डोह तेवढे उरत. आता नाथसागराचे अथांग पाणी, त्याचे डावे-उजवे कालवे, माजलगाव, विष्णुपुरी, येलदरी, आणि गावोगावचे पाझर तलाव व कोल्हापुरी बंधारे यांमुळे नदीपासून दूरपर्यंत, वर्षातील जास्त काळ, खंड्याला पाणी मिळते. पाण्याच्या जागा अशा जोडल्या गेल्यावर उत्तरेचे आणि दक्षिणेचे पक्षी पूर्वीपेक्षा अधिक मिसळत असतील, तर आज दिसणारी एकसारखी छटा १९३१ मध्ये तशी नसेलही. धरणांपूर्वीचे नमुने आणि आजची घरट्यांवरची छायाचित्रे एकत्र ठेवली, तरच याचा उलगडा होईल.

संग्रह पाहण्याच्या परवानगीसाठी अर्जाचा मसुदा तयार केला. त्यात मागणी नेमकी ठेवली आहे: प्रौढ पक्षी, मार्च ते जून या काळात मिळालेले, तापीपासून कृष्णेपर्यंतच्या पठारावरचे, आणि तुलनेसाठी बंगाल व श्रीलंका येथील मोजके नमुने. टोकाचे पक्षी शेजारी नसतील तर मधल्यांची छटा कोणाकडे झुकते हे सांगता येणार नाही.

११ मे २०२५, धनेगाव

मांजरेचे पाणी बरेच खाली गेले आहे आणि उरलेल्या पाण्याभोवती खंड्यांची गर्दी आहे. आज दुपारपर्यंत काठावर काम केले आणि नंतर सगळ्यांनी बसून जिल्ह्यांच्या पक्षीयाद्यांत काय लिहायचे, यावर निर्णय घेतला.

यापुढे आपल्या नोंदींमध्ये लहान खंड्याचे नाव जातीपर्यंतच लिहिले जाईल. उपजातीचा रकाना रिकामा ठेवायचा. नदीच्या कोणत्या बाजूला पक्षी दिसला यावरून तो भरायचा नाही. त्याऐवजी प्रत्येक नोंदीत खोरे, अक्षांश, महिना, वय, नरमादी, उजेडाचा प्रकार, ग्रे कार्ड आहे की नाही आणि पक्षी घरट्याशी जोडलेला आहे की नाही, हे रकाने भरायचे. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग गोदावरीची हद्द चूक आहे असं लिहायचं का?" तसे लिहायचे नाही. याद्यांमधील ती रेघ म्हणजे टोकांच्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज आहे आणि नदी नकाशावर ठळक दिसते म्हणून ती खूण म्हणून वापरली गेली असावी, असा माझा तर्क आहे. हद्द एका ठिकाणी आहे, रुंद पट्ट्यात आहे, की मुळीच नाही, हे घरट्यांवरचे पक्षी आणि संग्रहातील नमुने मिळाल्यावर लिहायचे.

पुढील कामाची वाटणी झाली. वाघूर आणि पैठण येथील घरट्यांची छायाचित्रे दोन विद्यार्थिनी घेणार आहेत. वाघूरला यंदा पाणी लवकर आटले, म्हणून तेथील काम वरच्या डोहांपुरते मर्यादित राहील. नळदुर्गचे काम मी स्वतः करीन. माजलगावच्या मासेमारांनी सांगितलेली गढूळ पाण्याची गोष्ट तपासण्यासाठी जुलैपासून त्या पंपाच्या पाइपाची आठवड्याला एकदा पाहणी होईल, आणि नजीकच्या ओढ्यावरही त्याच दिवशी नोंद घेतली जाईल. संग्रहाकडे पाठवायचा अर्ज आज विभागप्रमुखांच्या सहीसाठी ठेवला आहे.